त्यांनी फक्त तुझे हात बघितले

मालन, तू अपेंडिक्स फुटून गेलीस. हे मी सगळ्यात आधी लिहिते, कारण तू गेल्यापासून या घरात जो येतो तो दुसरंच काहीतरी मनात धरून येतो. उघड कुणी बोलत नाही. बायका दारात चपला काढताना एकमेकींकडे बघतात, आत येऊन आत्तींच्या, आपल्या सासूबाईंच्या, गळ्यात पडून रडतात, आणि निघताना उंबऱ्यापाशी हळूच म्हणतात, "सुटली बिचारी."

सुटली! कशातून सुटलीस गं तू? तुला मुरगूडला जायचं होतं, भावाच्या मुलीच्या बारशाला. तिच्यासाठी टोपडं शिवून झालं होतं, कुंची व्हायची होती, आणि तिच्या लेसवरून तू माझं डोकं खात होतीस. पिवळी लेस लावू का लाल, लाल का पिवळी. इतकं जगायचं असलेल्या बाईला हे लोक 'सुटली' म्हणतात, आणि मी पाण्याचा तांब्या हातात धरून ऐकत उभी राहते.

गेलेल्या माणसाशी शांतपणे बोलावं म्हणतात. मला ते जमणार नाही. मी रागावले आहे आणि रागातच लिहिते आहे. कुणाकुणावर रागावले ते सांगत गेले तर तुझंही नाव त्यात येईल. येऊ दे.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात तू लग्न होऊन आमच्या बावड्यात आलीस. मी थोरली जाऊ, शहरातल्या शाळेत मास्तरीण, घरात आपलं बस्तान बसवलेली. धाकटी जाऊ आली की स्वयंपाकघराची वाटणी होते, एवढंच मला ठाऊक होतं. तू आलीस आणि दुसऱ्याच दिवशी चुलीपाशी उभी राहून म्हणालीस, "आक्का, भाकरी अशी थापतात व्हय तुमच्यात? भाकरी हाय का पापड?" आत्ती हसल्या. आमच्या आत्ती! सून बोलली म्हणून त्यांना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. 'मी जातो, मी येतो' असं आपल्याकडच्या बायकांसारखं ठसक्यात बोलणारी तू. तुझं हसणं कारखान्याच्या भोंग्यासारखं गल्लीभर ऐकू जायचं. भावजी कारखान्यातून आले की सायकल लावायच्या आधी आत डोकावून बघायचे, आज काय चाललंय हसायला म्हणून.

हे एवढ्यासाठी सांगते, की ज्यांना वाटतं अशा बाया कोपऱ्यात तोंड पाडून बसलेल्या असतात, त्यांनी तुला पाहिलेलंच नाही.

तुझ्या झंपराच्या बाह्या लांब असायच्या. चैत्राच्या उन्हातसुद्धा मनगटापर्यंत. मुरगूडकडं अशीच फॅशन असेल, असं मी धरून चालले होते. मग नागपंचमीच्या आधी हुसेनबी बांगड्या भरायला आली. पुढच्या सोप्यात आपण चारपाच जणी होतो. तिनं तुझा हात मांडीवर घेतला, बाही वर सारली आणि तिचा हात तिथंच थांबला. मी शेजारी होते, मलाही दिसलं. जुन्या खुणा होत्या, काही नव्या. हुसेनबीनं बाही खाली ओढली आणि मोठ्यानं म्हणाली, "ह्या पोरीच्या मापाच्या न्हाईत आज. पुढच्या खेपंला आणतो." टोपलीत तुझ्या मापाच्या हिरव्या बांगड्या सगळ्यांना दिसत होत्या. तू मान वर केली नाहीस. त्या म्हातारीनं तुला त्या दिवशी झाकलं, हे मी अजून विसरले नाही.

मी मात्र झाकणाऱ्यातली नव्हते. दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं घेऊन गेलो तेव्हा मी तुला धरलं. "काय आहे ते हातावर?"

"भाजलं चुलीवर."

"मी इतकी वर्षं चुलीपुढं बसते. भाजल्याच्या खुणा मला शिकवू नकोस."

 मग मी जी सुटले ती सुटलेच. चांगला नवरा आहे, खाऊन-पिऊन सुखी घर आहे, कुणी तुला वाकडं बोलत नाही, मग हे काय सोंग लावलंयस, आईबापांना काय वाटेल, भावजींना काय वाटेल. पलीकडच्या दगडावरच्या बायका धुणं थांबवून बघायला लागल्या. तू माझं सगळं ऐकून घेतलंस, आणि ओल्या लुगड्याचं एक टोक माझ्या हातात दिलंस. "झालं बोलून? मग पिळाय धरा तिकडनं."

भीतीनं माणूस ओरडतं, हे आता मला कळतं. तेव्हा तेवढंच येत होतं आणि तेवढंच केलं. त्यातून निघालं काय, तर पुढं कितीतरी दिवस माझ्यासमोर तू हात पदराखाली घेऊन बसायचीस.

नंतर कधीतरी, भाद्रपदात, घरामागच्या परड्यात आपण दोघीच भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. मी त्या विषयावर बोलायचं सोडून दिलं होतं. खरं तर काय बोलावं हेच सुचत नव्हतं. तूच सुरुवात केलीस. शेंगांवरची नजर न काढता.

"आक्का, मला मरायचं न्हाय. नदीवर तुमास्नी तसं वाटलं न्हवं? तसलं काय न्हाय."

"मग काय आहे?"

"आत लई गलका हुतोय. समदी एकदम वरडाय लागल्यागत. मग तेवढं केलं की जरा गप बसतंय. जराच. लगेच परत सुरू. आन् वर लाज वाटती, ती येगळीच."

"कधीपासून?"

"आई गेली तवापासनं. मी शाळंत हुतो. घर पावण्यांनी भरल्यालं, आन् भाकऱ्या करणारी मी एकटी. रडायचं ऱ्हाऊनच गेलं बगा."

माझ्या तोंडावर काय काय आलं होतं! 'अगं मग आता रड', 'अगं त्याला इतकी वर्षं झाली', 'अगं देवाचं नाव घे'. मास्तरणीला गप्प बसायची सवय नसते. पण तुझ्या बोटांत ती शेंग तशीच राहिली होती, फोडायची विसरलेली, आणि ती बघून मी सगळं गिळलं. "बरं," म्हटलं. "आणखी सांग."

तू सांगत राहिलीस. सूप भरलं, दुसरं सूप घेतलं, तरी सांगत राहिलीस. आई गेली हे एकच कारण नव्हतं. कारण विचारणाऱ्यांना एकच कारण हवं असतं. आता सगळे म्हणतात, पोटी मूल नव्हतं म्हणून तिला तसलं झालं. काय सोपं करून टाकलंय बघ! पोर असताना लागलेली गोष्ट, आणि हे लोक ती बाळंतपणाच्या हिशेबात बसवतात.

त्या दिवसापासून आपलं काहीतरी ठरलं, न ठरवता. तू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायचीस आणि म्हणायचीस, "आक्का, जरा बसा की." एवढंच. मी हातातलं ठेवून बसायची. एकदा तव्यावरची भाकरी कोळसा झाली, एकदा सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा तसाच पडून शेळीनं त्यातला एक चावला. आपण बसायचो, नाहीतर उसाच्या कडेनं बांधावरून चालत राहायचो. कधी तू बोलायचीस, कधी नुसतीच माझं मनगट धरून ठेवायचीस, इतकं घट्ट की वळ उठायचे. तो गलका हळूहळू ओसरायचा, मग तू म्हणायचीस, "हं. जावा आता, भाकरी करपली असंल."

कधीकधी तू दारात यायच्या आधीच झालेलं असायचं. तेव्हा मी पाणी उकळून घ्यायची, जखम धुवायची, औषध लावायची. ओरडायची नाही. आतून संताप संताप व्हायचा, इतकी समजूत, इतकं बसणं, आणि परत तेच! पण तुझं तोंड बघितलं की कळायचं, तुला माझ्याहून जास्त संताप आलेला आहे, स्वतःचा. त्यात माझा कुठं ओतायचा?

मिरजेला मनाच्या दुखण्याचे डॉक्टर आहेत हे मला शाळेतल्या एका बाईंकडून कळलं. तू आधी कानावर हात ठेवलेस. "मी येडी न्हाय." मी म्हटलं, "वेडी असतीस तर शेंगा इतक्या नीट फोडल्या नसत्यास. चल." माझ्या मावशीला बघायचं निमित्त केलं आणि एसटीनं गेलो. डॉक्टर वयस्कर होते, कानात केस असलेले. त्यांनी तुझे हात बघितले, पण आधी तुझं तोंड बघितलं. "केव्हापासून?" विचारलं, आणि "का?" विचारलं नाही. मला बाहेर बसवून तुझ्याशी बराच वेळ बोलले, मग मला आत बोलावलं. मी त्यांना सांगितलं की मी घरातली धारेची वस्तू न् वस्तू लपवून ठेवते. ते म्हणाले, "चोरासारखी लपवू नका. तिला सांगा, आणि वाईट दिवस असेल तेव्हा तिच्याच हातानं बाजूला ठेवायला लावा. शपथा घेऊ नका. शपथ मोडली की ती तुम्हाला सांगणार नाही. आणि तुम्ही एकट्या पुरणार नाही, घरात आणखी कुणाला तरी सांगा."

येताना बसमध्ये तू खिडकीला डोकं टेकून झोपलीस. जयसिंगपूर आलं, हातकणंगले आलं, तरी तुला जाग नाही. लग्न होऊन आल्यापासून तुला इतकं गाढ झोपलेलं मी पाहिलं नव्हतं.

आपण परत गेलो, पुन्हा गेलो. आणि फरक पडला, मालन. हे लोकांना सांगितलं पाहिजे. एकदम नाही, सरळ नाही. चार दिवस बरे जायचे, एक वाईट जायचा. पण बरे दिवस वाढत गेले. गेल्या संक्रांतीला हुसेनबीसमोर तू स्वतः बाही वर केलीस. खुणा जुन्या होत्या, सगळ्या जुन्या. म्हातारीनं बांगड्या भरल्या आणि तुझ्या हनुवटीला हात लावून तो स्वतःच्या ओठांना लावला.

आणि इथंच आपलं भांडण लागलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणखी कुणाला तरी सांगा. मी म्हणत होते भावजींना सांगू. आत्तींना संशय यायला लागला होता, "सारखं सारखं मिरजंला काय ठेवलंय? मावशी काय मरायला टेकलीया?" भावजींना सांगितलं असतं तर राजरोस गेलो असतो. तू ऐकेनास, उलट कुणाला काही सांगणार नाही अशी मला शपथ घातलीस. "तुमास्नी सांगितलं ती चूक झाली का माझी?" म्हणालीस. "नांदायचं मला हाय. त्यास्नी कळलं तर माझ्याकडं बघत्याल का पैल्यासारखं?" मी म्हटलं, "भावजी काय राक्षस आहेत?" तू म्हणालीस, "राक्षस न्हाईत म्हणूनच तर." निमित्तं संपली आणि मिरजेला जाणं थांबलं. ते भांडण आपण कितीदा केलं! शेवटचं तू आजारी पडायच्या आदल्याच आठवड्यात, पाणी भरताना. तू घागर आपटून गेलीस आणि माझ्याशी बोलायची बंद झालीस. ते भांडण अर्धंच राहिलं. तुला काय वाटलं, तू गेलीस म्हणजे जिंकलीस?

तुझ्यावरचा माझा राग इथून सुरू होतो. सकाळी पोटात दुखायला लागलं तेव्हा तू कुणाला सांगितलं नाहीस. दिवसभर राबलीस. दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या झाल्या तरी "पित्त झालंय" म्हणालीस, आत्तींनी सुंठ-साखर दिली ती घेतलीस, आणि पाटा-वरवंट्यापाशी जाऊन बसलीस. अंगात ताप होता. लहानपणापासून दुखणं लपवायची तुला इतकी सवय, की हे दुखणंसुद्धा तू लपवलंस. त्यात लाजण्यासारखं काय होतं गं? पोट होतं ते! सगळ्या जगाचं दुखतं! तू जेव्हा चटणी वाटता वाटता आडवी झालीस तेव्हा कुठं आम्हाला कळलं.

भावजी कारखान्यातून धावत आले. रिक्षानं तुला शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. कुठल्या ते लिहीत नाही, लिहून तू परत येणार नाहीस. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होता. त्यानं नाडी बघायला तुझी बाही वर केली, आणि बस्स. तिथंच तुझा निकाल लागला.

"काय घेतलंय हिनं?"

मी म्हटलं, "काही घेतलेलं नाही. कालपासून पोट दुखतंय. उजव्या बाजूला."

"बाई, हातावर दिसतंय सगळं. वेळ घालवू नका. काय प्यायलीय ते सांगा."

तू शुद्धीत होतीस. तू स्वतः म्हणालीस, "न्हाय हो सायेब, पोट दुखतंय." त्यानं तुझ्याकडं बघितलंही नाही, माझ्याकडं आणि भावजींकडं बघत राहिला, आम्ही लपवतोय असं. तुझं पोट धुतलं. दुखणाऱ्या पोटात नळी घातली. मग पोलिसांना कळवलं. एक हवालदार आला आणि बाकड्यावर बसून भावजींना विचारायला लागला, घरात भांडण झालं होतं काय, दारू पिता काय, बायकोला मारता काय. स्वतःच्या जिवावर उठणं म्हणजे कायद्यानं गुन्हा, त्यामुळं तू खाटेवर पडलेली आजारी बाई नव्हतीसच. तू आरोपी होतीस. मी ओरडले. नदीवर ओरडले होते त्याच्या दसपट ओरडले. "पोटाला हात लावून बघा! एकदा हात लावून बघा!" नर्सनं मला बाहेर काढलं.

दुपार गेली. दिवस कलल्यावर दवाखान्याचे मोठे डॉक्टर आले. त्यांनी तुझ्या पोटावर नुसता हात ठेवला आणि त्या तरुणावर असे खेकसले की वऱ्हांड्यात आम्हाला ऐकू आलं. लगेच ऑपरेशनला नेलं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, अपेंडिक्स आतच फुटलंय, पू सगळीकडं पसरलाय, लवकर हाती लागली असती तर. 

त्यानंतरचे ते थोडे दिवस. तुझ्या नाकात नळी, ओठ फुटलेले. तुला बोलायला किती कष्ट पडत होते ते मी बघत होते. आणि त्या कष्टांत तू काय बोललीस? "आक्का, खरंच काय घेतलं न्हाय मी. तुमास्नी तरी पटतंय न्हवं?"

हे मी कुणालाच माफ करणार नाही. आईची आठवण काढायची, भावजींना काही सांगायचं, नुसतं पाणी मागायचं, यातलं काही करायच्या ऐवजी मरणाऱ्या बाईला आपण खरं बोलतोय हे पटवून द्यावं लागलं. मला. ज्या मला तुझं सगळं ठाऊक होतं, त्या मलाच. मी म्हटलं, "मला पटवू नकोस, मला माहीत आहे." तू डोळे मिटलेस. मला अजून कळलेलं नाही, तुला ते ऐकू गेलं का.

त्या वऱ्हांड्यातली एक गोष्ट तुला सांगायची आहे. तुला ती कधीच कळणार नाही म्हणून माझा जीव तुटतो आणि संतापही येतो. हवालदार भावजींना विचारत होता, "हातावरचं ठाऊक होतं काय तुला?" मी मध्ये पडणार, तुझी शपथ राखायला काहीतरी खोटं सांगणार, तेवढ्यात भावजी म्हणाले, "व्हय. लगीन झाल्यापासनं ठाऊक हाय. पर आता ती करत न्हवती, सायेब. संक्रांतीच्या आधीपासनं न्हाय."

 हवालदार गेल्यावर मी विचारलं, "भावजी, तुम्हाला माहीत होतं?"

"झोपेत तिची बाही सरकायची, वैनी. मी बघत हुतो की."

"मग बोलला का नाहीत?"

"इचारलं तर आणखी लपवंल म्हनून. तुमच्यासंगं मिरजंला जाती, तेबी ठाऊक हुतं. म्हटलं, जाती तर जाऊ दे. आईनं कुरबुर केली तवा मीच म्हटलं, जाऊ दे तिला." मग ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. "मी म्हटलं, तीच सांगंल कवातरी."

एका घरात, एका छताखाली, तू त्यांच्यापासून लपवत होतीस, ते तुझ्यापासून लपवत होते, आणि मी दोघांच्या मध्ये तोंड शिवून बसले होते. तो माणूस तुझ्याकडं पहिल्यासारखं बघणार नाही, याची तुला भीती होती. अगं, तो पहिल्यापासून सगळं बघूनच तसा बघत होता! सायकल लावायच्या आधी आत डोकावायचा तो उगाच?

तू गेल्यावर मी त्या दवाखान्यात परत गेले. तो तरुण डॉक्टर भेटला. त्यानं मान खाली घातली, पण तोंड बंद ठेवलं नाही. "बाई, हातावर तसं दिसल्यावर आम्ही काय समजायचं?"

मी म्हटलं, "समजायचं काहीच नाही. विचारायचं. ती शुद्धीत होती, तिला तोंड होतं. ज्या बाईनं कधीकाळी स्वतःला दुखवलं, तिचं दुसरं काही दुखतच नाही काय?"  मी उत्तरासाठी गेलेच नव्हते.

परवा बाराव्याला सोपा बायकांनी भरला होता. समोरची हौसाक्का बोलत होती. तुला शेवटची आंघोळ घालायला ती होती, तेव्हा तिनं तुझे हात पाहिले होते, आणि तिथूनच ती कुजबुज गल्लीभर झाली होती. "हात बघितलं की मी तिचं," ती आत्तींच्या शेजारी बसून सांगत होती. "तवाच म्हटलं, हिनं काय तर घेतलं असणार. जगायचंच न्हवतं लेकराला."

मी उठले. पंगतीचं वाढप चाललं होतं, माझ्या हातात भाताचं पातेलं होतं, ते खाली ठेवलं. आणि मालन, तू ज्याची मला शपथ घातली होतीस ते सगळं मी त्या सोप्यात उभी राहून सांगितलं. खुणा कसल्या होत्या ते. त्या मरायसाठी नव्हत्या, तर आतलं सोसवेना म्हणून होत्या. तू मिरजेला जायचीस, सुधारली होतीस, कुणाचाही हात न धरता तू कितीतरी वाईट दिवस काढले होतेस. आणि तू अपेंडिक्सनं गेलीस, आणि या हातांकडं बघून तुझ्या पोटाकडं कुणी बघितलं नाही म्हणून गेलीस. "जगायचं होतं तिला," मी म्हटलं. "हे पुन्हा कुणी माझ्या दारात उलटं बोललं तर दाराबाहेर काढीन."

शपथ मोडली. भांड माझ्याशी. ये आणि भांड.

 मग आत्ती बोलल्या, अगदी बारीक आवाजात. "मला का सांगितलं न्हाईसा? माझी सून हुती की ती." त्यांना काय सांगू? की तुमची भीती वाटत होती? त्या म्हातारीचं तोंड बघून माझ्याच्यानं तेही बोलवेना.

काल दुपारी परड्यातल्या दाराची कडी वाजली. हौसाक्का. मला वाटलं, भांडायला आली. मी पोतेरं फिरवत होते. ते तिच्या तोंडावर मारावं, इतका राग होता. ती दारातच उभी राहिली, डोक्यावरचा पदर तोंडात धरून.

"आमची सुनी," ती म्हणाली. सुनी तिची मधली लेक, यंदा मॅट्रिकला आहे. "तिच्याबी हातावर हाय गं तसलंच. मला वाटलं अभ्यास चुकवायला नाटकं करती. लई मारलं मी तिला." मग खाली बसली. "तू काल म्हणालीस ते खरं हाय? मरायचं नसतंय त्यास्नी?"

 जिनं तुझ्याबद्दल गल्लीभर कुजबुज केली, तिला तू मला सांगितलेलं का द्यायचं? मला ते पटत नव्हतं. पण सुनीनं काय केलं होतं? मी हौसाक्काला पाट दिला आणि सांगितलं. काहींना मरावंसंही वाटतं, तेव्हा काहीच धरून चालू नकोस, तिलाच सरळ विचार. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. मारू नकोस. शपथ घालू नकोस. जखम असेल तर धू, आणि तेव्हा तोंड बंद ठेव. मिरजेला घेऊन जा, मी येते बरोबर. आणि जवळ बस.

"ती बोलतच न्हाय माझ्याशी."

"नाही बोलणार. तरी बस."

"मला जमायचं न्हाय," ती म्हणाली. "तू येशील?"

मी "येते" म्हटलं, आणि म्हणतानासुद्धा रागातच होते. तिला मी माफ केलेलं नाही.

आज शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. सुनी माळ्याखालच्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून, धान्याच्या रिकाम्या पोत्यावर बसली होती. वळून बघितलं नाही. "आईनं धाडलंय व्हय? वरडा."

"ओरडायला नाही आले."

"मग कशाला आलाय?"

माझ्याजवळ तयार उत्तर होतं, डॉक्टरांचं, माझं, शिकवून शिकवून घोटलेलं. ते बाहेर आलं नाही. मी दारातच उभी राहून म्हटलं, "माझी जाऊ गेली, सुने. घरात सगळे तिच्यासाठी रडतात, पण तिच्याबद्दल बोलायला मला कुणी नाही. तुझ्यापाशी थोडं बोलू?"

 ती त्या पोत्यावर थोडी बाजूला सरकली. मी तिच्याशेजारी बसले, आणि तुझं नाव घेतलं.